पेण ते रोहा, पंचवीस मिनिटांत!

दोस्तहो, या आठवड्याच्या टपालात रोह्याहून आलेलं एक पत्र आहे. लिहिणारा आठवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ हे त्यानं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून छापत नाही. त्याचा मावसभाऊ पेणला राहतो, कॉलेजात जातो आणि त्याच्याकडे नवी कोरी मोटारसायकल आहे. हा दादा मागच्या रविवारी पेणहून रोह्याला ‘पंचवीस मिनिटांत’ आला म्हणे! घड्याळ लावून आला. आणि तेव्हापासून सगळ्या भावंडांत त्याचा भाव वधारलाय. पत्राच्या शेवटी प्रश्न असा : ‘काका, हा रेकॉर्ड धरायचा का? आणि आपल्या देशातला खरा रेकॉर्ड कोणाचा?’

प्रश्न झकास आहे. आधी जरा हिशेब करू या. वडखळ, नागोठणे करत पेण ते रोहा साधारण चाळीस किलोमीटर. पंचवीस मिनिटांत चाळीस, म्हणजे तासाला सरासरी ९६ किलोमीटर. हा ‘सरासरी’ शब्द लक्षात ठेवा हं, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता खरा रेकॉर्ड. त्यासाठी आपल्याला रायगड सोडून थेट उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडाला जावं लागेल. तिथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट नावाचा मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. तो आखला हर्मान टिल्के या जर्मन तज्ज्ञाने. उद्‌घाटन झालं ऑक्टोबर २०११ मध्ये आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तिथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा कोणी हलवला असेल? आपल्या सचिन तेंडुलकरने!

या ट्रॅकची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. वळणं सोळा. शर्यत साठ फेऱ्यांची. त्या दिवशी जर्मनीच्या सेबास्टियन फेटेलने एक फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत मारली. शर्यतीतल्या सगळ्यात वेगवान फेरीचा फॉर्म्युला वनमधला तिथला विक्रम आजही हाच आहे. गणित करून पाहा, तासाला सरासरी २११ किलोमीटर पडतात. या वेगाने पेण ते रोहा साडेअकरा मिनिटांच्या आत होईल. दादाला सांगायला हरकत नाही.

पण थांबा, कारण आदल्या दिवशी याच फेटेलने याच ट्रॅकवर १ मिनिट २४.१७८ सेकंदांत फेरी मारली होती. म्हणजे तीन सेकंदांहून जास्त फरकाने वेगवान! मग विक्रम तो का नाही? कारण ती फेरी शर्यतीतली नव्हती. शर्यतीच्या आदल्या दिवशी, कोण पुढे उभा राहणार आणि कोण मागे हे ठरवण्यासाठी सगळ्यांची वेळ घेतात. तेव्हा गाडीत पेट्रोल अगदी मोजकं, टायर नवे आणि तब्येतीत मारायची एकच फेरी. शर्यतीत तसं नसतं. त्या काळच्या नियमाप्रमाणे मध्ये पेट्रोल भरायला बंदी होती. ड्रायव्हर धरून गाडीचं कमीत कमी वजन ६४० किलो, आणि सुरुवातीला पोटात पेट्रोल दीडशे किलोच्या आसपास. दप्तरात सगळ्या विषयांची पुस्तकं कोंबून धावून पाहा, मग रिकाम्या हातानं धावा. फरक कळेल.

इथे एक गंमत आहे. या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या एकूण तीनच शर्यती झाल्या : २०११, २०१२ आणि २०१३. पहिल्या वर्षी सगळ्यात वेगवान फेरी फेटेलची, दुसऱ्या वर्षी जेन्सन बटनची (१ मिनिट २८.२०३ सेकंद), तिसऱ्या वर्षी किमी रायकोनेनची (१ मिनिट २७.६७९ सेकंद). तीन वर्षं, तीन वेगळे ड्रायव्हर. पण तिघांचीही ती फेरी कितवी होती माहीत आहे? साठावी! म्हणजे अगदी शेवटची. दीड तास गाडी हाणून माणूस दमलेला असतो, तरी वेग शेवटी सापडतो. कारण तोवर पेट्रोल जळून गाडी हलकी झालेली असते. (रायकोनेनने तर शेवटी शेवटी टायरही बदलून घेतले होते. हुशार माणूस!)

शर्यती मात्र तिन्ही वर्षी फेटेलनेच जिंकल्या. तिन्ही वेळा तो सगळ्यांच्या पुढेच उभा होता आणि २०११ मध्ये तर साठच्या साठ फेऱ्या त्यानं कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. आपला नारायण कार्तिकेयन त्या पहिल्या शर्यतीत सतरावा आला. पण त्याची गाडी सगळ्यात कमकुवत संघांपैकी एकाची होती. तेवढ्या गाडीवर साठ फेऱ्यांची शर्यत शेवटापर्यंत नेली, मला त्याचंच कौतुक वाटतं.

आता ट्रॅककडे वळू. ‘सर्किट’ म्हटलं की काहींना सर्कशीतला गोल मौत का कुआँ आठवतो. तसं काही नसतं. हा आपल्या घाटासारखा वळणावळणांचा, चढउतारांचा रस्ताच असतो, फक्त जिथून निघाला तिथेच परत येऊन मिळतो. बुद्ध सर्किटवर सुरुवातीच्या दोन वळणांनंतर चढ लागतो. तिसरं वळण चढाच्या माथ्यावर, त्यामुळे तिथे शिरताना पलीकडचं नीट दिसत नाही. ते सुटलं की एक किलोमीटरहून थोडा लांब असा सरळ पट्टा. इथे गाड्या ताशी तीनशेच्या वर जातात. आणि त्याच्या टोकाला लगेच चौथं वळण! तिथे वेग ताशी शंभरच्या आसपास आणावा लागतो, तोही शंभर-सव्वाशे मीटरच्या आत. शर्यत खरी जिंकली जाते ती अशा जागी. सरळ रस्त्यावर मूठ पिळायला अक्कल लागत नाही. ब्रेक नेमका कुठे दाबायचा, किती दाबायचा आणि कधी सोडायचा, याला लागते.

वळण घ्यायचंही एक शास्त्र आहे. उजवीकडे वळायचं असेल तर आधी रस्त्याच्या डाव्या कडेला जायचं, मग आत उजव्या कडेला चाटून जायचं आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे जायचं. बाहेरून आत, आतून बाहेर. असं केलं की तेच वळण कमी वाकडं होतं आणि गाडी जास्त वेगात निघते. शाळेच्या मैदानावर सायकलने करून पाहा, लगेच पटेल. पण मैदानावरच हं! रस्त्यावर ‘डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत’ आपली जागा नसतेच. उजवी अर्धी बाजू समोरून येणाऱ्या टँकरची असते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, म्हणून तिथे हे चालतं.

सगळ्या गाड्या त्या एकाच रेषेवरून गेल्या की तिथे टायरचं रबर घासून बसतं आणि पकड वाढते. रेषेच्या बाहेर मात्र धूळ. बुद्ध सर्किट नवंनवं असताना ड्रायव्हर त्या धुळीनं हैराण झाले होते. रेषा सोडली की गाडी घसरलीच. रायगडातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. अलिबाग-मुरूडकडच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा माणसं ओहोटीची वाट का पाहतात? ओली, दबलेली वाळू फरशीसारखी घट्ट असते. वरची कोरडी वाळू चाक धरत नाही, पाय रुततो. गाडी बैलांची असो नाही तर सातशे-साडेसातशे घोड्यांच्या ताकदीची, जमिनीची पकड दोघींना सारखीच हवी.

आता जरा गंभीर गोष्ट. या ट्रॅकवर चुका काय कमी झाल्या? २०११ मध्येच ब्राझीलचा फेलिपे मासा वळणाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेवर आदळला आणि पुढच्या चाकाचा सांधाच मोडला. आदल्या दिवशी एकदा, शर्यतीत पुन्हा एकदा! दोन्ही वेळा तो स्वतःच्या पायांनी चालत परत आला. याचं कारण त्याचं नशीब नव्हे. वळणाच्या बाहेर रिकामी जागा ठेवलेली असते. कुठे खडी, कुठे मोकळं डांबर, म्हणजे सुटलेली गाडी आपोआप हळू होते. त्याच्या पलीकडे टायरच्या थप्प्या, मग भिंत. ड्रायव्हर सहा ठिकाणी पट्ट्यांनी बांधलेला. जागोजागी झेंडे घेतलेले मार्शल उभे : पिवळा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागच्याला वाट दे, लाल म्हणजे सगळे थांबा. डॉक्टरची गाडी इंजिन चालू ठेवून तयार, हेलिकॉप्टर तयार. माणूस चुकणारच हे धरूनच ट्रॅक बांधलेला असतो.

आणि एवढा बंदोबस्त करूनही काय झालं ऐका. २८ ऑक्टोबर २०११. ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा पहिलाच सराव. अब्जावधी रुपयांचा ट्रॅक, साऱ्या जगाचे कॅमेरे. आणि ट्रॅकवर आलं एक भटकं कुत्रं! तिथल्या तिथे लाल झेंडा. जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर गाड्या घेऊन मुकाट्याने परत आले आणि कुत्रं बाहेर जाईपर्यंत थांबले. तेव्हा वर्तमानपत्रांनी खूप हसून घेतलं. मला मात्र त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. कुत्रं दिसलं, झेंडा हलला, सगळे थांबले. व्यवस्था असते ती यासाठीच.

वडखळच्या पुढे रस्त्यावर कुत्रं आलं, तर लाल झेंडा कोण दाखवणार? आणि कुत्रंच कशाला, गुरं येतात, शाळा सुटलेली मुलं येतात, उलट्या दिशेनं रिक्षा येते. नागोठण्याला महामार्ग सोडून रोह्याकडे वळलं की भिसे खिंडीतली वळणं लागतात. तिथे बाहेरच्या बाजूला खडीची मोकळी जागा नसते. पावसाळ्यात तर रस्त्यावरचा खड्डा पाण्याखाली असतो, दिसतच नाही.

त्यात ब्रेकचं गणित ऐका. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर वेग असेल तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी १४ मीटर. एकूण २८. आता वेग दुप्पट करा, १००. अंतरही दुप्पट, ५६ मीटर होईल असं वाटतं ना? नाही! त्या एका सेकंदात २८ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर ५५ मीटर. एकूण ८३. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ८३ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सात एसटी गाड्या, आणि वर थोडं. खिंडीतल्या वळणावर तेवढं पुढचं दिसतं का, हे तुमच्या दादाला विचारा. आणि ती ‘सरासरी’ आठवा. सरासरी ९६ पडायची तर वडखळच्या गर्दीत जेवढा वेळ गेला, तो कुठे तरी सव्वाशेने जाऊन भरून काढलेला असणार.

तेव्हा रोह्याच्या मित्रा, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, हा रेकॉर्ड धरायचा नाही. रेकॉर्डला तीच निघायची रेघ, तीच पोचायची रेघ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ, मोजणारा तिसराच माणूस आणि सगळ्यांना सारखा मोकळा रस्ता लागतो. दादाच्या पंचवीस मिनिटांत रस्ता मोकळा होता, तो इतरांनी ब्रेक मारले म्हणून. त्या माणसांना आपण शर्यतीत आहोत हे माहीतही नव्हतं. हे पत्र त्याला वाचायला दे. रागावला तर माझ्यावर ढकल.

आईबाबांसाठी एक वेगळी ओळ. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा तर कोणत्याही वयात गुन्हाच आहे. योगायोग पाहा, २०१३ मध्ये बुद्ध सर्किटवर चौथ्यांदा जगज्जेता झाल्यावर फेटेलने आनंदाच्या भरात मैदानासमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरून तिला वाकून नमस्कार केला, आणि गाडी ठरलेल्या जागी नेली नाही म्हणून दंड झाला. किती? २५ हजारच, पण युरो!

मग रस्त्यावर शर्यती होतच नाहीत का? होतात की. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागर तलावाच्या काठी विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्यांची शर्यत झाली, २०२४ मध्ये चेन्नईत रात्री दिव्यांच्या उजेडात मोटारींची शर्यत झाली. पण त्यासाठी रस्ते आधी बंद केले, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि जाळ्या उभ्या केल्या, आणि मगच गाड्या सोडल्या. त्याआधीच्या जमान्यात आपल्याकडे ट्रॅकच नव्हते, तेव्हा विमानांच्या धावपट्ट्यांवर शर्यती व्हायच्या. मुंबईत जुहूला झाल्या, मद्रासजवळ शोलावरमला तर वर्षानुवर्षं झाल्या. मग मद्रासच्या क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे ३.७१७ किलोमीटरचा कायमचा ट्रॅक बांधला, तो १९९० मध्ये सुरू झाला. कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर गो-कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. मुंबईचा जेहान दारूवाला तेरा वर्षांचा असताना, २०११ मध्ये, देशभरातून निवडलेल्या तीन मुलांपैकी एक होता. २०२० मध्ये त्यानं बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ही सगळी मुलं सुरुवातीला गो-कार्टवर, हेल्मेट घालून, बंद ट्रॅकवर शिकलेली आहेत.

फॉर्म्युला वन मात्र २०१३ नंतर भारतात परतली नाही. उत्तर प्रदेश सरकारने ती खेळात न धरता करमणुकीत धरली आणि करमणूक कर लावला. बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या जकातीची कटकट वेगळीच. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपीच्या मोटारसायकली आल्या, इटलीचा मार्को बेझेकी जिंकला. उकाडा इतका की शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली, आणि दुसरा आलेला होर्गे मार्टिन संपल्यावर उन्हाच्या त्रासाने खाली बसला. बेझेकीची सगळ्यात वेगवान फेरी १ मिनिट ४३.९४७ सेकंदांची. (त्यांच्यासाठी ट्रॅकमध्ये थोडे बदल केले होते, म्हणून नेमकी तुलना नको.) जगातल्या सर्वोत्तम मोटारसायकली, तरी मोटारींपेक्षा पंधरावीस सेकंद मागे! कारण मोटारीला चार रुंद टायर आणि तिला जमिनीवर दाबून धरणारे पंख. मोटारसायकल वळणात जमिनीला टेकते ती दोन छोट्या ठिपक्यांवर.

तेव्हा फेटेलचा विक्रम २०११ पासून उभा आहे, याचं मुख्य कारण तो मोडायला कोणी आलेलंच नाही. आजच्या गाड्या त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेत. आल्या तर पहिल्याच दिवशी तो जाईल. मला विचाराल तर जावा.

आता तुमचा ट्रॅक. शाळेच्या मैदानावर फक्की मारून एक वाकडातिकडा ट्रॅक आखा, कमीत कमी सहा वळणांचा, त्यात एक लांब सरळ पट्टा हवाच. दोरीने मधल्या रेषेची लांबी मोजा. मग पळत फेरी मारा. घड्याळ दुसऱ्याच्या हातात. आधी प्रत्येक वळण आतल्या कडेने घ्या, मग ‘बाहेरून आत, आतून बाहेर’ घ्या, आणि वेळ लिहून ठेवा. दप्तर पाठीला लावून एक फेरी, काढून एक.

आणि गणितवाल्यांसाठी एक कोडं. ५.१२५ किलोमीटरच्या साठ फेऱ्या म्हणजे ३०७.५ किलोमीटर. पण बुद्ध सर्किटवरच्या शर्यतीचं अधिकृत अंतर ३०७.२४९ किलोमीटर लिहिलेलं आहे. २५१ मीटर कुठे गेले? इशारा एकच : निघायची रेघ आणि पोचायची रेघ एकाच जागी असायला हवी, असं कोणी सांगितलं? उत्तर ट्रॅकच्या आकृतीसकट पोस्टकार्डावर पाठवा.